चौदा घरं

मंत्र्याचं प्रमाणपत्र दीड पानाचं आहे.
सही निळ्या शाईची, खरीखुरी.
ही कागदपत्रं उघड झाली तर म्हणे
सार्वजनिक हिताला बाधा येईल.
मी वकिलाला विचारलं, सार्वजनिक म्हणजे कोण कोण?
तो चष्मा पुसत राहिला.

ड्रमगॉर्टीच्या वळणावर फर्गलला गोळ्या लागल्या
तेव्हा तो एकोणीसचा, मी सतराची.
तो अजून एकोणीसचाच आहे.
मी एकसष्टाव्या वर्षी ओमाच्या कोर्टात बसते,
हीटरपाशी, ओल्या लोकरीच्या वासात.

कोरोनरबाई भल्या आहेत.
त्यांनी सगळं वाचलंय, न झाकलेलं, बंद खोलीत.
माझ्या भावाचं मरण त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे
आणि मला त्या एवढंच विचारू शकतात,
"मिसेस मॅकगार्व्ही, पाणी हवंय?"

आम्हाला मिळाली एकशे बारा पानं.
नांगरून ठेवलेल्या शेतासारखी, ओळीओळीनं काळी.
कुठे एखादा "आणि" उरलाय, कुठे "सुमारास".
पान साठवर मात्र अख्खं वाक्य सुटलंय:
सायकल कुटुंबाला परत करण्यात आली.
हो, आली होती.
चेन पुसलेली, तेल घातलेली.
तेल कुणी घातलं, हे कुठल्याच पानावर नाही.
तेव्हा आम्हीही विचारलं नाही.

पान एकोणसत्तर.
"वरील माहिती", मग काळी पट्टी, मग
"याच्याकडून मिळाली."

तीस वर्षं मी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवल्या.
इंचाचा आठवा भाग मला नजरेनं कळतो.
तरी टेप लावली.
जुना टाइपरायटर, इंचाला दहा अक्षरं.
पट्टीत चौदा घरं,
नाव-आडनावामधलं रिकामं घर धरून.
(आमच्या गल्लीत घरं अकराच.)

रात्री स्वयंपाकघरात इंग्रजी स्पेलिंगं मांडत बसले.
यूजीन डेव्हेनी. चौदा.
बाबांच्या शवपेटीला त्याचा खांदा होता.
कोल्म मॅकॅनस्पी. चौदा.
पुरात आमची वासरं त्यानं काढली.
डर्मट क्विग्ली, दूधवाला, तोही चौदा,
पहाटे पाचला रस्त्यावर दुसरं कोण असायचं?
मॅलकी टोनर तेरातच संपला
तेव्हा मला आनंद झाला, आणि मग
त्या आनंदाची शिसारी आली.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले,
शांती लाभो, शांती लाभो.
यूजीनचा हात म्हातारा, गरम.
मी ओठांत अक्षरं मोजत होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
मूठ त्यांची.
सव्वा लाख आम्ही भरतोय,
रोज थोडे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नावावर.

वकील म्हणतो, कदाचित तिथे नाव नसेलही.
एखादा हुद्दा असेल, एखाद्या यंत्राचं नाव,
किंवा झाकणाऱ्या कारकुनानं
पेन जरा पुढे ओढलं असेल.
झाकलेलं काय आहे
हे सांगणंही झाकलेलं आहे.

काल मॅनस मध्यरात्री खाली आला.
दिवा न लावता म्हणाला, अजून जागी?
किटली ठेवली. माझ्या खांद्यावर शाल टाकली.
अडतीस वर्षं नाताळच्या कार्डांवर
मी त्याचं नाव लिहितेय,
ते मोजायला मला टेप लागत नाही.
पाच, एक रिकामं, आठ.

लग्नाआधी तो पुलापलीकडच्या गॅरेजात होता.
त्याच्या बोटांना तेलाचा वास यायचा,
मला तो आवडायचा.

चहात त्यानं साखर घातली, दोन चमचे,
मला लागते तेवढीच.
मी टेप गुंडाळली.
पान एकोणसत्तर टेबलावर
उघडंच होतं.